सहाच्या तीन घंटा

ब्रिस्बेन
१२ मे २०१४

प्रिय बाबा,

पोचले. तुम्ही बांधून दिलेले चीज रोल विमानतळावर काढून घेतले. गणवेशातला एवढा आडदांड माणूस, पण डब्याकडे असा काही बघत होता की मलाच त्याची दया आली.

आता फोनचं. पुन्हा लिहून ठेवते, कारण मी समजावत होते तेव्हा तुमचं सगळं लक्ष खिडकीबाहेर मेंढ्यांकडे होतं. हा बिनतारी फोन आहे. तो खिशात ठेवायचा असतो, स्टँडवर शोभेला नाही. मार्चमध्ये तुम्ही शेडच्या कोपऱ्यावर घसरलात आणि दुपारभर काँक्रीटवर पडून राहिलात, तेव्हा घरात जुना फोन वाजत होता. तो मी करत होते, बाबा. तुम्हाला ऐकू येत होता आणि उठता येत नव्हतं. हे माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून रात्री स्टँडवर, दिवसा खिशात. एवढं माझ्यासाठी करा.

दुसरं, ‘तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय’ म्हणणारे लोक. घरात कॉम्प्युटर नसताना तुम्ही त्यांच्याशी अर्धा अर्धा तास वाद घालता, ते बंद. मी आत काही नंबर घातलेत: माझा, डॉक्टरांचा, गुरांच्या डॉक्टरांचा, चर्चचा, दुकानाचा. त्यांचा फोन सरळ वाजेल. बाकी कोणी केला, तर त्याला आधी एक बाई नाव विचारेल. ती यंत्रातली बाई आहे, घाबरू नका. त्याने नाव सांगितलं तरच तुमच्याकडे घंटा वाजेल. मग त्याने सांगितलेलं नाव त्याच्याच आवाजात ऐकू येईल, आणि तुम्ही एक दाबलंत की फोन जोडला जाईल.

म्हणजे तो सहाचा टवाळही गेला. मी होते तेव्हा रोज संध्याकाळी तीन घंटा देऊन ठेवून द्यायचा, आणि तुम्ही म्हणायचात, ‘असू दे’. कशाला असू द्यायचा?

फोन कसा चालतोय ते कळवा. रविवारी बोलूच, पण फोनवर तुम्ही हवामानाच्या पुढे जात नाही, तेव्हा पत्रच लिहा.

तुमची,
मोराग

*

ग्लेनराय, ओवाका
२९ मे

प्रिय मोराग,

फोनचा अहवाल मागितलास, देतो.

खिशात ठेवतो. अंगणात चालतो, कुत्र्यांच्या खोपटांपाशी चालतो, शेडमध्येही चालतो. घरामागे हद्दीवरच्या मॅक्रोकार्पाच्या झाडांपर्यंत चालतो. त्याच्यापुढे पाऊल टाकलं की टीं टीं करून मरतो. मागे आलो की पुन्हा जिवंत. मी तीन-चारदा पुढेमागे करून पाहिलं. मेंढ्यांना वाटलं, म्हातारा गेला कामातून.

खाली वाकलो की बटणं आपोआप दाबली जातात. परवा एका आजारी मेंढीपाशी बसलो होतो, तर खिशातून गुरांचा डॉक्टर बोलायला लागला. म्हणाला, “एवन, मला कधीपासून नुसतं कण्हणं ऐकू येतंय. मेंढी आहे का तू?” मी म्हणालो, दोघंही. तो आला आणि मेंढी वाचली. तेव्हा फोनच्या बाजूने एवढं लिहून ठेव.

कॉम्प्युटरवाले गेले. घरात शांतता आहे. जरा जास्तच आहे.

सहाचा माणूसही बंद झाला. तो टवाळ नव्हता. तुझ्या फोनला दोष देत नाही. नाव सांगणं काही एवढं अवघड काम नाही, सांगायचंच असेल तर. माणसं कंटाळतातही. पलीकडच्या धुराड्यातून रोज धूर येतोय, म्हणजे माणूस आहे.

सहज विचारतो, एखादा नंबर आत घालायचा झाला तर काय करायचं? घाई नाही.

इकडे दक्षिणेचा गार वारा सुटलाय. जनावरांना सलगम घालायला सुरुवात केली.

तुझा,
बाबा

*

ग्लेनराय, ओवाका
९ जून

प्रिय मोराग,

वाढदिवस नसताना काकूचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. एक विचारायचं आहे आणि ते फोनवर विचारण्यासारखं नाही. आमच्या लहानपणी या खोऱ्यात सात घरांत मिळून एक लाईन होती. कोणी कोणाला काय म्हणालं ते संध्याकाळपर्यंत सातही घरांत कळायचं. तेव्हापासून आम्हा सगळ्यांना खोड लागली आहे: फोनवर हवा-पाणी, मनातलं पत्रात.

तर, तुझ्या वडिलांकडे ती बाई कोण आहे?

आता सगळंच सांगते. तू तेव्हा शिकायला डनीडिनला होतीस, पण ट्वीडचं तुला माहीत आहे. तुझ्या वडिलांचा कुत्रा. तो आमच्या गाभण मेंढ्यांमागे लागला होता, असं तुझे काका म्हणतात. तो नुसता कुंपणापाशी उभा होता, असं तुझे वडील म्हणतात. कॉलिनने गोळी घातली. कायद्याने त्याला तसा हक्क होता, पण सख्ख्या भावाच्या कुत्र्यावर हक्क बजावून मिळालं काय? एकोणीस वर्षं झाली, दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललेले नाहीत.

तुझी आई गेली तेव्हा कॉलिन चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला आणि कोणाशी न बोलता उठून आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्याने फोन उचलला, नंबर लावला, पलीकडे तीन घंटा होऊ दिल्या आणि ठेवला. मी विचारलं, कोणाला लावला? म्हणाला, “कोणाला नाही.” थोड्या वेळाने आमचा फोन वाजला. तीन घंटा, आणि बंद. मला तेव्हा कळलं. त्या सामाईक लाईनवर प्रत्येक घराची घंटा वेगळी असायची, आणि आपल्या गेडिसांच्या घरची होती तीन आखूड. हे दोघं पोरं असताना ती ऐकली की शेतातून पळत यायचे.

तेव्हापासून रोज. सहा वर्षं. हा तिकडे तीन देतो, तो इकडे तीन देतो, मग हा जेवायला बसतो. मी कधी एक अक्षर बोलले नाही, बोलले असते तर तेही बंद झालं असतं.

आणि आता गेल्या महिन्यात एका संध्याकाळी कॉलिनने चटका बसल्यासारखा फोन ठेवला. म्हणाला, “एवनने बाई ठेवलीय. मला विचारते, नाव काय! माझं नाव! एवनच्या घरात!” तरी रोज लावतो. ती रोज विचारते, हा रोज ठेवतो. परत घंटा येत नाही. कॉलिनला वाटतं, एवनला आता नको आहे.

एरवी मी म्हटलं असतं, कळेल हळूहळू. पण पोरी, त्याच्या पोटात गाठ आहे. डनीडिनच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. कोकरांचे दिवस तो बघेल, वर्षाअखेरच्या लोकर-कातरणीचे नाही. हे वडिलांना सांगू नकोस. “एवनची कीव मला नको,” म्हणतो.

फक्त त्या बाईचं काय ते कळव.

तुझी,
पेग काकू

*

ब्रिस्बेन
१८ जून

प्रिय बाबा,

सहाचा टवाळ म्हणजे कॉलिन काका, हे तुम्ही मला सांगितलं का नाही? मी समोर उभी राहून त्यांना शिव्या घालत होते आणि तुम्ही ‘असू दे’ म्हणत बटाटे सोलत होतात!

त्यांनी फोन करणं थांबवलेलं नाही. पेग काकूंचं पत्र आलंय. ते रोज सहाला लावतात. माझ्या फोनमधली बाई नाव विचारते आणि ते ठेवून देतात. त्यांना वाटतं, तुम्ही बाई ठेवलीय. मी रडत होते आणि हे वाचून हसले, आणि मग पुन्हा रडले.

रडण्याचं कारण सांगते. काकूंनी बजावलंय की सांगू नको, पण मी सांगणार. मग त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं तरी चालेल, आपल्या घराण्यात त्याचं नवल नाही. काकांच्या पोटात गाठ आहे, आणि ती बरी होणारी नाही. या वर्षीची कातरणी त्यांना दिसणार नाही.

रविवारी मी फोनवर सुरुवात केली, “बाबा, कॉलिन काका,” आणि तुम्ही म्हणालात, “इकडे दहिवर पडलंय.” म्हणून हे पत्र.

नंबर असा घालायचा: डावीकडचं वरचं बटण, मग खाली जात ‘नावे’, मग काकांचा नंबर, मग ‘ठेवा’. एवढंच. त्याच दिवशी सहाला तीन घंटा वाजतील. तुम्ही परत द्या. बाबा, आजच करा.

तुमची,
मोराग

*

ग्लेनराय
१ जुलै

प्रिय मोराग,

तुझ्या सूचना बरोबर आहेत. नंबर घातला. पडद्यावर कॉलिनचं नाव आलं. थोडा वेळ ते बघितलं आणि काढून टाकलं.

रागाने नाही. ऐकून घे.

तीन घंटांनी काय सांगता येतं? मी आहे, एवढंच. सहा वर्षं तेवढं पुरलं. तुझी आई गेल्यावर त्या तीन घंटांवर मी संध्याकाळ काढत आलो, हे आज पहिल्यांदाच कोणाला सांगतोय. पण आता नंबर घातला तर काय होईल? तो रोज सांगेल की आहे. मग एक दिवस घंटा वाजणार नाही, आणि तेव्हा मला कळेल. मला भावाचा शेवट असा नको आहे. त्याचा आवाज मी शेवटचा ऐकला तेव्हा तो ओरडत होता, आणि मीही. मला त्याचा साधा आवाज ऐकायचा आहे, मोराग. ती बाई त्याला नाव विचारते ते बरोबर विचारते. सांगू दे त्याला.

तूच का लावत नाहीस, म्हणशील. रोज संध्याकाळी लावतो. सगळे आकडे दाबतो, शेवटचा राहतो. तू मला आजाराचं सांगितलंस, आणि आता मी बोललो की तो म्हणणार, कीव करायला आला. आणि त्याचं खोटं नसेल. तो आधी बोलला तर ती कीव नव्हे.

वेळ थोडा आहे हे मलाही समजतं. तू चिडशील. चीड.

तुझा,
बाबा

*

ब्रिस्बेन
१० जुलै

प्रिय पेग काकू,

ती बाई मी आणली. ती बाई नव्हेच, नव्या फोनमधलं यंत्र आहे, अनोळखी माणसांना नाव विचारतं. मी काकांचा नंबर आत घातला नाही, कारण तुमचं बोलणं नाही एवढंच मला ठाऊक होतं. मला माफ करा. बाबांना आजाराचंही सांगितलंय, त्याबद्दल मात्र माफी मागत नाही.

आणि आता बाबा नंबर घालायला तयार नाहीत. त्यांना काकांचा आवाज ऐकायचा आहे म्हणतात. मी दोन दिवस त्यांच्यावर इतकी संतापले होते की पत्र लिहून फाडलं. अजूनही कळत नाही, हा हट्ट आहे की माया. बहुतेक त्यांनाही कळत नसेल.

काकांना एवढंच सांगा, ते यंत्र आहे, आणि नाव सांगितलं की बाबा उचलतील. नक्की उचलतील.

तुमची,
मोराग

*

ग्लेनराय
२८ जुलै

प्रिय मोराग,

सांगितलं. आधी हसला. बाई यंत्राची निघाली म्हणून त्याला बरंच वाटलं असावं. मग म्हणाला, “मी त्या घरात जन्मलो, पेग. एवनच्याही आधी. त्या घराच्या दारात उभं राहून मी नाव सांगू? आणि ते डब्याला?”

मी म्हटलं, “मरताना तरी अक्कल येऊ दे.” एवढी वर्षं संसार केल्यावर एवढं बोलता येतं.

फोन अजून लावतो. पण आता लगेच ठेवत नाही. तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतो. तोंड उघडतो, मिटतो, ठेवतो. मी चहा ओतत असते आणि मागे वळून बघत नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची मी घरातल्या बोळात फोनपाशी आणून ठेवली आहे, त्याला आता उभं राहवत नाही. सुपाखेरीज काही पोटात ठरत नाही.

तू सांगितलंस ते बरं केलंस. मला सांगवलं नसतं.

तुझी,
पेग काकू

*

ग्लेनराय
२४ सप्टेंबर

प्रिय मोराग,

तुला फोनवर कळवलं ते चार शब्दांत. बाकीचं इथे लिहितो. उशीर झाला, पण संध्याकाळी मी घरी नसायचो आणि दिवसा कोकरं होती.

ऑगस्टच्या शेवटी एका शनिवारी मी अंगणात कुत्र्यांना खायला घालत होतो. अंधार पडत होता. खिशात फोन वाजला. मला वाटलं, तू असशील. कानाला लावला तर ती बाई. “तुमच्यासाठी फोन आहे,” म्हणाली, “यांचा,” आणि मग कॉलिनचा आवाज आला:

“मी कोण ते त्याला ठाऊक आहे, बाई.”

नाव म्हणून त्याने तेवढंच सांगितलं होतं. यंत्राने ते नाव म्हणून घेतलं आणि मला ऐकवलं. मग ती म्हणाली, घ्यायचा असेल तर एक दाबा. माझ्या हातात हातमोजा होता. दातांनी ओढून काढला आणि एक दाबला.

“ठाऊक आहे,” मी म्हणालो.

“मग विचारायला कशाला लावतोस?”

“मोरागचा उद्योग आहे.”

“पोरगी तुझ्यावर गेलीय.”

 त्याला धाप लागली होती, ती ऐकू येत होती. म्हणाला, “तुझा आवाज म्हाताऱ्याचा झालाय.”

“आणि तुझा?”

“पेग म्हणते, आपल्या बाबांचा झालाय.”

खरंच झाला होता. मला इतकी वर्षं वाटत होतं की आमच्या बाबांचा आवाज मी विसरलो. मी तिथे पाणी भरलेल्या डोळ्यांनी उभा होतो आणि कुत्री पायांत नाचत होती, कारण त्यांचं खाणं माझ्या हातातच राहिलं होतं.

त्याने विचारलं, कोकरं सुरू झाली का. मी म्हटलं, लवकरची दोन, जुळी. एक काळ्या डोक्याचं. तो म्हणाला, त्याला थंडीतून आत घे, काळ्या डोक्याची टिकत नाहीत. मी म्हटलं, हे तू लहानपणापासून म्हणतोस आणि ती टिकतात. आम्ही चांगले भांडायला लागलो. बोलता बोलता मी चालायला लागलो होतो, ते मला कळलंच नाही. जुन्या फोनला तार होती, बोळात उभं राहावं लागायचं. हा घेऊन मी शेड ओलांडली, मागचं कुरण ओलांडलं. मग तो म्हणाला, “एवन, मला एक,” आणि टीं टीं झालं, आणि फोन मेला.

मी मॅक्रोकार्पाखाली उभा होतो. ट्वीडला तिथेच पुरलंय, तुला माहीत आहे.

दोन पावलं मागे घेतली असती तर फोन पुन्हा चालला असता. पण समोर त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता. मी विचार केला, तो आत्ता रिसीव्हर कानाला धरून बसला असेल आणि त्याला वाटत असेल, मी ठेवला. तेवढं मला सहन होईना. काटेरी तारेवर कोट फाटला. ओहोळात एक बूट अडकला, तो तिथेच सोडला.

पेगने मागचं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं, आणि बाजूला झाली. कॉलिन बोळात खुर्चीवर बसला होता, रिसीव्हर कानालाच होता. इतका वाळला होता की मी पटकन ओळखला नाही. वर न बघता म्हणाला, “ठेवलास ना?”

मी म्हणालो, “ठेवला नाही. रेंज संपली.”

मग वर बघितलं.  “म्हणून चालत आलास?”

“जवळच राहतोस,” मी म्हणालो.

पेग सूप गरम करायला गेली आणि आतच राहिली.

त्यानंतर मी रोज सहाला जात होतो. तो मला काय सांगणार होता ते मी पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाला, विसरलो. मी म्हटलं, आठवेल तेव्हा सांग. त्याने कधी सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. ट्वीडचं नाव दोघांनीही काढलं नाही. फक्त एकदा खिडकीतून कुंपणाकडे बघत म्हणाला, “तिथली तार काढून टाक. तुझं काय वय आहे चढायचं?” मी दुसऱ्या दिवशी तार कापली आणि तिथे फाटक बसवलं. त्याला खिडकीतून दिसायचं. बिजागरी तिरकी बसलीय म्हणाला, आणि बसलीच होती तिरकी.

काळ्या डोक्याचं कोकरू टिकलं. कोटात घालून नेऊन त्याला दाखवलं. म्हणाला, एकाने काय सिद्ध होतं?

गुरुवारी दुपारी गेला. पेग होती आणि मी होतो. सोमवारी चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर बसलो.

मला फार वाईट वाटतंय, मोराग. भाऊ गेल्याचं वाटतं, आणि त्याच्याहून जास्त, एवढ्या वर्षांचं वाटतं. शेतातून घरी पळत येऊ शकलो असतो अशा संध्याकाळी होत्या त्या सगळ्या. ते कोणी भरून देणार नाही. पण शेवटच्या थोड्या मिळाल्या, आणि त्या तुझ्या त्या बाईमुळे मिळाल्या, हेही तुला कळलं पाहिजे.

आता सहाला पेग तीन घंटा देते. मी तीन परत देतो आणि मग तिच्याकडे जेवायला जातो. तो नंबर मी आत घातलाय. तिला नाव विचारायचं काही कारण नाही.

तू मे महिन्यात विचारलं होतंस, फोन कसा आहे. चांगला आहे. रेंज फार नाही, मॅक्रोकार्पापर्यंतच. जास्त असती तर मी अंगणात उभा राहूनच बोललो असतो.

तुझा,
बाबा